गाडीतली टकटक

आमच्या घरी मेलेला माणूस रोज सकाळी फाटक वाजवायचा. मी भुताखेतांना मानत नाही. मानणाऱ्यांच्या विरोधात मी पत्रकं लिहिली आहेत, सदर बाजारात उभं राहून ती वाटली आहेत, आणि त्यातली निम्मी समोसे बांधायला वापरलेली डोळ्यांनी पाहिली आहेत. तरीही बाबांचं तेरावं उरकलं त्याच्या दुसऱ्या सकाळी टकटक ऐकू आली आणि मी गोधडी फेकून, अनवाणी, धुक्यातून अंगण ओलांडत गेले आणि फाटकाची कडी काढली. बाबा कंपनीतून सुटून आले की बेल कधी वाजवत नसत. किल्ल्यांचा जुडगा लोखंडी फाटकावर आपटत. आधी जोरात, घाईघाईनं, मग आतून आईचं "आले, आले" ऐकू आलं की हळू, आणखी हळू, नुसतं तिला चिडवायला, आणि कडी निघाली की बंद. त्या सकाळी अगदी तोच ठेका होता. बाहेर धुकं आणि दूधवाल्याची सायकल, बाकी कुणी नव्हतं. टकटक माझ्या पाठीमागून येत होती, अंगणातल्या पत्र्याच्या शेडमधून, आणि मी वळून पोचेपर्यंत ती विरत विरत थांबली. शेडमध्ये बाबांच्या लाल गाडीत, चालकाच्या जागेवर आई बसली होती. न्हालेले केस, डोक्यावर पदर, दोन्ही हात स्टीअरिंगवर. इंजिन शांतपणे चालू होतं. माझ्याकडे न बघता तिनं विचारलं, "तू पण ऐकलंस ना?"

मी म्हटलं, "ते इंजिन आहे, आई."

"हो," ती म्हणाली, आणि किल्ली फिरवून गाडी बंद केली. बोनेटवर जास्वंदीचं एक फूल ठेवलेलं होतं.

गाडीबद्दल आधी सांगायला हवं. दोनच जागांची, छप्पर मागं पडणारी, परदेशातून कधी काळी आलेली स्पोर्ट्स कार; माझ्या आईबाबांच्या लग्नाहून जुनी. लष्करी छावणीतले एक कर्नलसाहेब निवृत्त होऊन डोंगरात राहायला निघाले तेव्हा ती त्यांच्या बंगल्यामागे कडुनिंबाखाली पानांत अर्धी बुडून उभी होती. बाबा सांगलीकडचे, नोकरीसाठी इथे उत्तरेत आलेले, मोठमोठी यंत्रं बनवणाऱ्या सरकारी कंपनीत इंजिनिअर, डब्यात रोज भेंडीची भाजी नेणारे, शर्टाच्या खिशाला दोन पेनं लावणारे गृहस्थ. ते तिच्यावर असे भाळले की आई तिला शेवटपर्यंत 'सवत' म्हणाली. कंपनीतले मराठी लोक दिवाळी फराळाला आले की हमखास टोमणा असायचा, "घरात माणसं तीन आणि गाडीत जागा दोन! वहिनी, तुमचा नंबर कधी?" आई चकलीची परात पुढे सरकवत म्हणायची, "माझा नंबर ऑटोत." बाबांबरोबर ती खरंच त्या गाडीतून कधी कुठे गेली नाही. बाबांच्या शेजारची जागा माझी होती. छावणीतल्या रिकाम्या, चुना मारलेल्या दगडांच्या रस्त्यांवर त्यांनी मला त्याच गाडीवर गिअर बदलायला शिकवलं, आणि पहाऱ्यावरच्या शिपायाने मला थांबवलं की ते त्याला अशा अदबीनं नमस्कार करत की तो गोंधळून आम्हाला सोडून देई.

आई इकडचीच, गुरसरायच्या जुन्या मराठी घरातली. तिकडची मराठी आमच्या घरातल्या जुन्या पितळेच्या डब्यांसारखी होती, जड आणि पोचे पडलेली. ती नाश्त्याला न्याहारी म्हणायची, रागावली की बुंदेलीत उतरायची, आणि भाजीवाल्याशी बोलताना मध्येच "भैया, हे काय बरोबर नाही" असं अर्धं मराठीत म्हणून त्याला गप्प करायची. बाबा तिच्या बोलण्याला हसत, ती त्यांच्या सांगलीच्या हेलाला हसे, आणि मी दोघांना हिंदीत उत्तरं देई. रविवारी ती महेरी करायची, आंबट ताकात मंद शिजवलेली ज्वारी, वरून गुळाचा खडा. बाबा ताटावर बसले की म्हणायचे, "ही आमच्याकडची आंबीलच." आई म्हणायची, "तुमच्याकडची असेल, तर तुमच्याकडे जाऊन खा." हा संवाद दर रविवारी व्हायचा. आज मी एकटी महेरी करते तेव्हा दोघांचीही वाक्यं मनात म्हणते, नाहीतर ती घशाखाली उतरत नाही.

आणि जेवताना बाबा ऑइल फिल्टरबद्दल बोलायचे. खोटं वाटेल, पण इतर घरांत जावई निवडत नाहीत इतक्या बारकाईनं आमच्याकडे फिल्टर निवडला जाई. या गाडीत तो इंजिनाच्या कुशीला उलटा बसतो, तोंड खाली आणि बूड वर. त्यामुळे गाडी रात्रभर उभी राहिली की त्यातलं सगळं तेल खाली ओघळून जातं, आणि सकाळी इंजिन सुरू केलं की तेल पुन्हा वर चढेपर्यंत आतले भाग कोरडेच एकमेकांवर आदळतात. ते ओघळू नये म्हणून चांगल्या फिल्टरच्या आत, तोंडाकडच्या लहान भोकांमागे, रबराची एक गोल पाकळी असते. तेल आत येऊ देते, परत जाऊ देत नाही. "आटे काय, शंभर फिल्टरांचे जुळतील," बाबा वरणात बोट बुडवून ताटात फिल्टरचं तोंड काढत सांगायचे. "आटे जुळले म्हणजे फिल्टर जुळला असं गाढव म्हणतात. कडेचं रबर बैठकीवर नेमकं बसतं का? उंची वाढून स्टीअरिंगच्या दांड्याला टेकत नाही ना? आणि पाकळी. पाकळी नसली तर बाकी सगळं फुकट. मधल्या मोठ्या भोकाला तोंड लाव आणि फुंक. बाजूच्या भोकांतून वारा आला की दे दुकानदाराच्या हातात परत." आई म्हणायची, "आधी ते बोट पुसा."

ते गेले दुपारी, आपल्या खुर्चीत, चहा येईपर्यंत. याहून जास्त लिहिता येत नाही आणि लिहिणारही नाही.

मग त्या सकाळी सुरू झाल्या. बाबांनी आईला एकदा गंमत म्हणून गाडी सुरू करायला शिकवली होती: चोक ओढायचा, किल्ली फिरवायची, घाबरायचं नाही. तेवढंच तिला येत होतं. रोज अंघोळ, देवापुढे दिवा, मग बागेतलं एक फूल घेऊन शेडमध्ये. चोक, किल्ली, आणि टकटक. आधी जोरात, घाईघाईनं, मग हळू, आणखी हळू, मग बंद. टकटक विरली की आई गाडी बंद करायची, फूल नीट करायची आणि न्याहारीला लागायची. गाडी तसूभर हलत नव्हती. मला सांगायला लाज वाटत नाही की मी रोज त्या आवाजाआधी जागी होत असे आणि तो येईपर्यंत श्वास रोखून पडत असे. आवाज गाडीचा आहे हे मला ठाऊक होतं. पण पहिल्या दोन ठोक्यांच्या मध्ये एक क्षण असा असायचा की मला काहीच ठाऊक नसायचं. त्या क्षणी बाबा फाटकाशी असायचे, आणि कडी लागलेली असायची.

त्या काळात मी दिवसभर चिडलेली असे. आमच्या कॉलेजातल्या काही जणांचा एक गट होता. आमची तेव्हाची मोहीम शाळेच्या गाड्यांविरुद्ध होती. चार जणांच्या व्हॅनमध्ये मुलं कोंबलेली, गॅसच्या टाकीवर फळी टाकून त्यावर मुलं बसवलेली, गुळगुळीत झालेले टायर, दाराऐवजी सुतळी. कुणालाही विचारा, व्हॅनवाल्याला, शाळेला, मुलांच्या आईबापांना, उत्तर एकच: चल जाएगा. आमच्या पत्रकाचं शीर्षक मीच दिलं होतं, 'चल जाएगा? नहीं चलेगा!' मला तेव्हा वाटायचं आणि अजूनही वाटतं की या देशात माणसं आजारानं कमी आणि या दोन शब्दांनी जास्त मरतात. लोक म्हणतात, एवढ्या लहान वयात आठवणी कसल्या लिहितेस? ज्यांनी घसा फाडून मोहिमा चालवल्या आहेत त्यांचं वय वेगळ्या हिशोबानं धरावं, इतकंच माझं म्हणणं आहे.

एका सकाळी पाटणकर काका आले. बाबांचे कंपनीतले जोडीदार, एकाच विभागातले. कार्यालयातून मिळायचे राहिलेले काही कागद आईच्या सहीसाठी घेऊन आले होते. ते फाटकातून आत शिरत होते आणि आईनं किल्ली फिरवली. काका जागच्या जागी उभे राहिले. मला वाटलं, त्यांनाही तो ठेका ओळखू आला. तसं नव्हतं. ते इंजिनिअर होते, त्यांना फक्त इंजिन ऐकू आलं.

"वहिनी, हे रोज असं वाजतं?"

आई म्हणाली, "रोज."

"आणि चालवता किती?"

"चालवत नाही. सुरू करते, आवाज थांबला की बंद."

काका कपाळाला हात लावून मटकन शेडच्या पायरीवर बसले. "वहिनी, याहून वाईट तुम्ही गाडीचं काही करू शकत नाही. इंजिन धड तापत नाही, तेलात पेट्रोल उतरतं, आणि तो आवाज म्हणजे बेअरिंगं कोरडी घासतायत. फिल्टर चुकीचा आहे. पाकळीचा फिल्टर लावा, एका दिवसात आवाज जाईल."

"जाईल?" आईनं विचारलं.

"जाईल म्हणजे? गेलाच पाहिजे! नाहीतर इंजिनच बसेल, मग आवाजही नाही आणि गाडीही नाही."

काकांनी चहा घेतला, सह्या घेतल्या, आणि जाताना मला बजावलं, "मिनू, ओरिजिनल नंबराचाच घे हं, जुन्या डब्यातला मिळाला तर उत्तम." ते गेल्यावर आई शेडमध्ये गेली आणि दार ओढून घेतलं. मी बाहेरून म्हटलं, "आई, मी आजच जाऊन बघते."

आतून आवाज आला, "तू जास्ती नेतागिरी नको करूस, मिने."

"गाडी मरेल."

"मरू दे. वाजत मरू दे."

या वाक्यापुढे माझं सगळं पत्रकशास्त्र संपलं. लोकांना काय करायचं नाही ते सांगणं सोपं असतं. आईला ठाऊक होतं की गाडी मरते आहे. माझी अडचण ती नव्हतीच. अडचण ही होती की नवा फिल्टर आणला तर बाबा सकाळी यायचे बंद होणार होते, आणि नाही आणला तर काही महिन्यांनी बंद होणार होते. मी 'नहीं चलेगा'वाली होते. मी हिशोब केला आणि फिल्टर शोधायला निघाले.

मोबाइलवर जगभरचे म्हातारे या एका गाडीच्या फिल्टरवरून भांडत होते. प्रत्येकाचा वेगळा क्रमांक, प्रत्येकाची शपथ. मी एक घरपोच मागवला; आटे जुळणारे होते, पाकळीही होती, पण तो एवढा उंच की बसवला असता तर स्टीअरिंगच्या दांड्याला घासला असता. तो परत पाठवला आणि मग सदर बाजारात गुप्ताजींकडे गेले. गुप्ताजींचं दुकान म्हणजे फॅनबेल्टच्या माळांमागे लपलेला एक माणूस. बाबा तिथे रविवारची सकाळ घालवत. गुप्ताजींनी मला पाहिल्यावर आधी हात जोडले, मग स्टूल पुसलं, मग मी काय मागते ते ऐकून वरच्या फळीवरून एक जुनाट डबा काढला. नेमका तोच क्रमांक, जो पाटणकर काका ओरिजिनल म्हणत होते. मी फिल्टर बाहेर काढला, मधल्या भोकाला तोंड लावलं आणि फुंकलं.

"अरे बिटिया," गुप्ताजी हसले, "फिल्टर ले रही हो कि शंख फूँक रही हो?"

बाजूच्या सगळ्या भोकांतून वारा फुसफुसत आला. मी काडेपेटीतली काडी घालून पाकळी दाबली. रबर फळीवर वर्षानुवर्षं पडून पापडासारखं कडक झालं होतं, वाकलं ते परत जागेवर येईना. नाव बरोबर, क्रमांक बरोबर, आणि आतून मेलेला. मी तो काउंटरवर ठेवला. "नहीं चलेगा."

गुप्ताजींनी डोळे बारीक केले. "बिल्कुल बाप पर गई हो. वो भी ऐसे ही फूँकते थे." मग ते आत गेले आणि आजही बनणाऱ्या दुसऱ्याच एका गाडीचा फिल्टर घेऊन आले. मी बाबांच्या पद्धतीनं सगळं पाहिलं. घरून आणलेलं आधीच्या एका फिल्टरचं गोल रबर त्याच्या कडेवर ठेवून पाहिलं, तंतोतंत. उंची वितीनं मोजली, कमीच. काडीनं पाकळी दाबली. लुसलुशीत, लगेच मागे. फुंकलं, गाल फुगले, डोळ्यांत पाणी आलं, एक झुळूक बाहेर आली नाही.

तो कागदात गुंडाळताना गुप्ताजी म्हणाले, "यही तो मँगा रहा था साहब के लिए, ग्वालियर से. बोला था, मंगल तक आ जाएगा, रुक जाइए. वो माने ही नहीं. जीप वाला उठाया, बोले चूड़ी तो लग रही है."

मी म्हटलं, "बाबांनी? जीपचा? नुसते आटे जुळतात म्हणून? त्यात पाकळी नसते."

"उनको मालूम था, बिटिया. मुझसे ज़्यादा मालूम था." ते सुतळी तोडत थांबले. "बोले, एतवार को मैडम को ओरछा ले जाना है. पहली बार राज़ी हुई हैं, गाड़ी में बैठने को. मंगल तक मन बदल गया तो? दो-चार दिन की बात है, गुप्ता, चल जाएगा."

मी दुकानातून निघाले ते ऑटो न करता चालत. रस्ताभर मी बाबांशी भांडत होते, मोठ्यानं, लोक बघत होते. ताटात फिल्टर काढणारा माणूस! ज्याच्या जिवावर मी गावभर 'नहीं चलेगा' ओरडत फिरते तो माणूस! आणि त्यानं कुठल्या तोंडानं हे दोन शब्द काढले! रविवार त्यांना मिळालाच नाही. शुक्रवारीच ते खुर्चीत गेले. आणि ती दोन-चार दिवसांची तडजोड मागे राहून रोज सकाळी आमच्या घरात वाजत होती.

आई कढीला फोडणी देत होती. मी पिशवी ओट्यावर आपटली. "फिल्टर बाबांनीच चुकीचा लावला. चुकून नाही, कळून-सवरून."

"का?"

आता मला थांबायला हवं होतं. पण थांबणं मला कुणी शिकवलेलं नाही. "रविवारी तुला ओरछ्याला न्यायचं होतं म्हणून. बरोबरचा यायला मंगळवार लागला असता. तू हो म्हटलं होतंस ना? तुझं मन बदलेल याची भीती होती त्यांना."

आईनं गॅस बंद केला. कढईतली मोहरी तडतडत राहिली, मग तीही थांबली. आई म्हणाली, "मी साडीसुद्धा काढून ठेवली होती." आणि मग, अगदी साध्या आवाजात, "मग तर तो काढायचाच नाही. तो माझ्यासाठी लावलाय."

माझ्या स्वभावाचा सगळ्यात मोठा फायदा हा, की मी आपली बाजू स्वतःच्या तोंडानं बुडवू शकते. आता तो फिल्टर नुसता आवाज राहिला नव्हता. तो बाबांनी आईसाठी केलेली शेवटची गोष्ट झाला होता. नवा फिल्टर कागदासकट देवघराच्या खालच्या फळीवर पडून राहिला. सकाळची टकटक चालूच राहिली, आणि ती लांबत चालली. आधी आई गाडीला नमस्कार करून हात खाली घेईपर्यंत टकटक थांबायची. आता आई दोन्ही हात स्टीअरिंगवर ठेवून वाट पाहत बसायची आणि ठोके काही केल्या हळू होत नसत. फाटकाशी कुणी उभं आहे, त्याला आत घेतलं जात नाहीये, आणि ते घाबरं होऊन वाजवतंय, असा तो आवाज झाला होता. एकदा मी कानांवर उशी दाबली. त्याच दिवशी जेवताना आई म्हणाली, "हे असं नाही वाजवायचे ते."  

मग मी फक्त एवढंच म्हटलं, "तेल बदलू दे. फिल्टरला हात लावत नाही."

रविवारी दुपारी, उन्हात, आम्ही गाडीखाली जुनी पत्र्याची परात सरकवली आणि मी तळाचा बोल्ट काढला. तेल पातळ, काळं, पेट्रोलचा वास मारत आलं. परात भरल्यावर मी ती ओढून उन्हात आणली आणि आई वाकली. काळ्या तेलावर सोनेरी, तांबूस झाक तरंगत होती, अगदी बारीक, अंगाऱ्यासारखी. ढवळलं की चकाकत फिरायची.

"हे काय चमकतंय?"

"बेअरिंगांचं अंग," मी म्हटलं. "रोज सकाळी जे ऐकतेस ना, ते हे."

आईनं परातीत बोट बुडवलं आणि उन्हात धरलं. बोटाच्या ठशांच्या रेषांत ते कण अडकून राहिले होते. तिनं ते पदराला पुसलं नाही. तशीच उठून म्हणाली, "काढ. नाही, थांब. मी काढते."

फिल्टर हातानंच आवळायचा असतो, पाना लावायचा नसतो, हेही बाबांचंच. म्हणजे त्या आट्यांमध्ये त्यांच्या तळहाताचा जोर होता, जसाच्या तसा, त्या दिवसापासून कुणी न हलवलेला. आईनं बोनेटखाली दोन्ही हात घातले, बांगड्या मागे सारल्या आणि पिळलं. हलेना. मी पुढे झाले तर तिनं कोपरानं मला बाजूला केलं. तिनं आपल्या जुन्या लुगड्याचा तुकडा भोवती गुंडाळला, डोळे मिटले आणि पुन्हा पिळलं, आणि एक बारीक 'कुर्र' असा आवाज आला, आणि तो सुटला. ती लगेच पुढे फिरवेना. धरून उभी राहिली. मग अर्धा आटा, मग अर्धा. हातात आला तेव्हा तो हलका होता. आत तेलाचा थेंब नव्हता. नव्याच्या रबराला तिनं तेलाचं बोट फिरवलं, तेच बोट, आणि तो बसवला, हातानं जेवढा बसतो तेवढा.

नवं तेल ओतून ती गाडीत बसली. किल्ली फिरवली. इंजिन लागलं. नुसतं लागलं, टकटक नाही. तेलाचा काटा शहाण्या मुलासारखा वर चढला. आई थोडा वेळ ऐकत राहिली, बंद केली, पुन्हा सुरू केली. मग तिनं किल्ली काढून माझ्या हातात दिली आणि आत जाऊन पडली.

मला वाटलं होतं, आवाज गेला की सगळं मोकळं होईल. त्यानंतरच्या सकाळी आधीपेक्षा वाईट होत्या. आई शेडमध्ये जाईना. मी मात्र त्याच वेळेला जागी व्हायची आणि ऐकायची, आणि ऐकू यायचं ते हे, की फाटकाशी कुणीतरी आलं आहे आणि वाजवत नाहीये. नुसतं उभं आहे. घरात आम्ही दोघी आपापल्या अंथरुणात जाग्या, एकमेकींना कळू न देता. जास्वंदीची फुलं झाडावरच सुकली. पाटणकर काका आले, सुरू करून बघितली आणि खूश होऊन म्हणाले, "बघा, गेला की नाही आवाज!" आईनं त्यांना चहा दिला आणि साखर घालायची विसरली.

मग एका सकाळी ती इस्त्रीची साडी नेसून माझ्या खोलीच्या दारात उभी राहिली. "ऊठ. उभी ठेवून ठेवून वाया जाईल ती."

ती माझ्या जागेवर बसली, मी बाबांच्या. ती पर्स मांडीवर घट्ट धरून, रस्त्याकडे न बघता डॅशबोर्डवरच्या काट्यांकडे बघत होती. छावणीतून निघालो, चुन्याचे दगड मागे पडले, एका ई-रिक्षावाल्यानं ओरडून विचारलं, "चाची, पिक्चर की शूटिंग है क्या?" आणि आई कित्येक दिवसांनी बुंदेलीत काहीतरी सणसणीत बोलली. वाऱ्यानं तिचा पदर उडाला तो तिनं सावरला नाही. ओरछ्याचा फाटा दिसायला लागला तसं मी इंडिकेटर दिला.

"नको," आई म्हणाली. "वळव."

"आलोच की."

"तिथं त्यांच्याबरोबर जायचं ठरलं होतं, मिने. इथपर्यंत पुष्कळ झालं."

मी वळवली. येताना ती डोळे मिटून होती, झोपली की काय कळेना. शेडमध्ये गाडी लावून मी इंजिन बंद केलं आणि ती उतरायला लागली, एक पाय बाहेर, आणि तेवढ्यात बोनेटखालून आवाज आला. टक्. मग, टक् टक्. मग जरा थांबून, टक्.

आई तशीच राहिली. "हे काय?"

"इंजिन तापलंय," मी म्हटलं. "गार होताना लोखंड आकसतं, त्याचा आवाज. नुसती सुरू करून बंद केली तर येत नाही. चालवली तरच."

"काही बिघाड नाही ना?"

"नाही. चांगलं असतं."

टक्. दोन ठोक्यांमधलं अंतर वाढत होतं. हळू, आणखी हळू. आईनं बाहेरचा पाय आत घेतला आणि दार ओढून लावलं. "तू जा, चहा टाक," ती म्हणाली. "मी एवढं ऐकून येते."

मी अंगणातून घराकडे निघाले. जाता जाता वाकडी वाट करून फाटकाशी गेले आणि कडी काढून ठेवली. का, ते मला विचारू नका. ते कुठल्या पत्रकात बसणारं नाही.